‘गाझी’ पाणबुडीची युद्धसेवा आणि तिचा अंत : एक पुनर्विचार

1971 च्या भारत-पाक युद्धाच्या इतिहासलेखनात ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या बुडण्याची घटना विजयगाथा म्हणून सांगितली जाते. परंतु उपलब्ध साधनांची परस्परांशी तुलना केली असता हा प्रसंग वाटतो तितका सरळ नाही. प्रस्तुत लेखात या घटनेचा मागोवा घेतला आहे.

मूळची ही अमेरिकन नौदलाची ‘डायाब्लो’. ती 31 मार्च 1945 रोजी सेवेत दाखल झाली. ऑगस्टमध्ये पहिल्या युद्धगस्तीवर निघाली आणि महायुद्धच संपले. 1964 मध्ये ती भाडेकराराने पाकिस्तानकडे आली. त्या वेळी भारताकडे एकही पाणबुडी नव्हती. पहिली ‘कलवरी’ 1967 मध्ये मिळाली. 1965 च्या युद्धात ‘गाझी’ मुंबईच्या परिसरात दबा धरून होती. ‘ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेवर पाणतीर आदळल्याचा दावा पाकिस्तानने केला. प्रत्यक्षात ती नौका सुखरूप होती. पुढे तुर्कस्तानात दुरुस्तीसाठी जाताना सुएझ कालवा बंद असल्याने तिला आफ्रिकेला वळसा घालावा लागला. तेथेच तिला जलसुरुंग पेरण्याची क्षमता प्राप्त झाली.

पाकिस्तानकडील फ्रेंच बनावटीच्या डॅफ्ने वर्गातील पाणबुड्यांचा पल्ला कमी होता. बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचून तेथे गस्त घालणे एकट्या ‘गाझी’लाच शक्य होते. म्हणूनच सव्वीस वर्षांची ही जुनी पाणबुडी कमांडर जफर मोहम्मद खान यांच्या नेतृत्वाखाली 14 नोव्हेंबर 1971 रोजी कराचीहून निघाली. लक्ष्य होते विमानवाहू ‘विक्रांत’. ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडे गेल्याने तिचा वेग मर्यादित झाला होता. व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी तिला अंदमानकडे हलविले आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास निर्माण केला. त्यासाठी ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडून बिनतारी संदेश पाठविण्यात आले, शिधासामग्रीची मोठी मागणी नोंदविण्यात आली. ही हुलकावणी यशस्वी ठरली, याबद्दल दुमत नाही.

मतभेद आहे तो पुढील घटनेबद्दल. भारतीय नौदलाच्या कथनानुसार 3-4 डिसेंबरच्या मध्यरात्री बंदराबाहेर पडताना ‘राजपूत’ने पाण्यातील संशयास्पद खळबळ पाहून डेप्थ चार्ज टाकले आणि काही वेळाने मोठा स्फोट झाला. पाकिस्तानच्या मते ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगांना बळी पडली. व्हाइस अॅडमिरल मिहिर रॉय यांनी बॅटऱ्यांतून निघणाऱ्या हायड्रोजनच्या स्फोटाची शक्यता मांडली. लेफ्टनंट जनरल जेकब यांनी तर पाणबुडी युद्ध सुरू होण्यापूर्वीच, सुरुंग पेरतानाच नष्ट झाल्याचे म्हटले आहे. जेकब हे पूर्व आघाडीवरील जबाबदार सेनाधिकारी होते. त्यांची साक्ष केवळ अडचणीची आहे म्हणून बाजूला सारता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कृष्णन यांच्या योजनेचे श्रेय ‘राजपूत’च्या प्रहारावर अवलंबून नाही. शत्रूला रिकाम्या जागी खिळवून ठेवले, हेच तिचे खरे यश. मात्र या दोन गोष्टी लोकप्रिय लेखनात एकच समजल्या जातात.

‘गाझी’च्या विनाशाची घोषणा भारताने 9 डिसेंबरला केली. त्याच रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या डॅफ्ने वर्गातील पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडविली. ‘गाझी’वरील 90 हून अधिक नौसैनिकांपैकी कोणीही वाचले नाही. तिचे अवशेष विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर आजही समुद्रतळाशी आहेत.