चिंकारा : बारामती-इंदापूरच्या माळावरील अनुकूलन

चिंकारा हा समखुरी गणाच्या बोव्हिडी कुलातील लहान चणीचा कुरंग आहे. त्याचे शास्त्रीय नाव गॅझेला बेनेट्टी. पुणे जिल्ह्यात तो बारामती तालुक्यातील सुपे व शिर्सुफळ, इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि या गावांच्या आसपासच्या वनजमिनी व गायरानांवर आढळतो. हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिमी.च्या आसपास, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणी हा प्राणी अत्यल्प पाण्यावर कसा तगतो, याचाच विचार या नोंदीत मुख्यतः केला आहे.

नामकरण : मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची सूची तयार केली. तिच्या आधारे १८३१ मध्ये चिंकाऱ्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले. जातिनाम एडवर्ड टर्नर बेनेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञावरून दिलेले आहे. भारतीय लांडग्याचे वर्णनही साइक्स यांनी याच सूचीत केले. चिंकारा आणि त्याची शिकार करणारा लांडगा, या दोघांचीही विज्ञानाला ओळख दख्खनच्या माळांवरून एकाच वेळी झाली, ही बाब महत्त्वाची आहे. काही जुन्या ग्रंथांत चिंकाऱ्याला गॅझेला गॅझेला या जातीची उपजाती मानले आहे. आता तो सामान्यतः स्वतंत्र जाती धरला जातो.

वर्णन : खांद्यापाशी उंची सुमारे ६५ सेंमी., वजन २० ते २३ किग्रॅ. रंग तांबूस-भुरा, पोट पांढरे, शेपूट काळी. नराची शिंगे वळीदार, २५ ते ३० सेंमी. लांब, मादीची बारीक व आखूड.

उष्णता व पाणी : ध्रुवीय अस्वलाचे शरीर उष्णता राखण्यासाठी घडलेले आहे. अवाढव्य देह, त्वचेखाली दहा सेंमी.पर्यंत चरबी, वर दाट केस. त्यामुळे ते फार धावले तर बर्फातही तापते. चिंकाऱ्याची रचना याच्या नेमकी उलट आहे. लहान देहाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, पाय लांब व सडपातळ, केस आखूड व तुळतुळीत. शरीरातली उष्णता सहज बाहेर जाते. मात्र हवाच शरीराहून तापली की हाच पृष्ठभाग उष्णता आत घेतो. मग घाम व धाप एवढेच उपाय उरतात आणि दोन्हींत पाणी खर्ची पडते.

हा खर्च टाळण्याच्या युक्त्यांची माहिती प्रामुख्याने चिंकाऱ्याच्या आफ्रिकी व अरबी भाईबंदांवरील अभ्यासातून मिळते. मेंदूकडे जाणारी रोहिणी कवटीच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात विभागते. नाकातील ओलसर अस्तरावरून थंड होऊन आलेले नीलेचे रक्त या जाळ्याभोवती वाहते आणि मेंदूकडे निघालेले रक्त निववते. या रचनेमुळे मेंदू तापण्यापासून वाचतो, असे पूर्वी सांगितले जाई. अलीकडे काही शरीरक्रियातज्ज्ञ तिचे खरे काम पाण्याची बचत हे मानतात. तापमानाचे नियंत्रण करणारे केंद्र मेंदूतच असते. ते थंड राहिले की घाम व धाप उशिरा सुरू होतात. प्रस्तुत नोंदकाराला हेच मत अधिक पटते.

दुसरी युक्ती वादग्रस्त आहे. ग्रँट गॅझेल या आफ्रिकी जातीचे शरीर प्रयोगशाळेतील कडक उष्णतेत ४६ अंश सेल्सियसपर्यंत तापूनही प्राणी सुखरूप राहिल्याची नोंद आहे. दिवसा उष्णता साठवायची आणि रात्री गार हवेत सोडायची, असा याचा अर्थ लावला गेला. परंतु मोकळ्या रानातील स्प्रिंगबॉक या आफ्रिकी कुरंगांच्या शरीरात उपकरणे बसवली तेव्हा त्यांचे तापमान बरेच स्थिर आढळले. तेव्हा सावली आणि वारा मिळत असेल, तर प्राणी या टोकाला जात नसावेत.

अरबस्तानातील वाळवंटी गॅझेलवर काही महिने चारा-पाणी कमी करून केलेल्या प्रयोगात यकृत व हृदय दोन्ही आकसलेली आढळली. हे अवयव लहान झाल्याने शरीराची प्राणवायूची गरज घटली की श्वासावाटे जाणारी वाफही घटते. शिवाय लघवी दाट होते आणि लेंड्या कोरड्याठाक पडतात.

माळावर यातले डोळ्यांनी दिसते ते वर्तन. चिंकारा भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर चरतो. दुपारी हिवर, बाभूळ वा बोरीच्या विरळ सावलीत बसून राहतो. नुसत्या गवतावर त्याचे भागत नाही. पाला, कोवळे शेंडे, बोरे, शेंगा यांतून त्याला पाणी मिळते, आणि रात्रीच्या गारव्यात सुका पालाही हवेतली ओल धरतो. उघडे पाणी न पिता तो दीर्घकाळ राहतो. मिळाले तर पितो. वनखाते उन्हाळ्यात पाणवठे भरते, त्यांवर तो येतो.

प्रजनन : गर्भावधी सुमारे साडेपाच महिने, एक, क्वचित दोन पाडसे.

संरक्षण व अधिवास : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र जेमतेम ५.१५ चौ. किमी.; नाव जवळच्या मोरगावच्या गणपतीवरून. एवढ्याशा जागेत चिंकारा कोंडून राहत नाही. त्याचा वावर बाहेरच्या गायरानांत आणि पडीक रानांत असतो. म्हणून अभयारण्याच्या हद्दीइतकेच बाहेरच्या माळाचे मोल आहे. सरकारदरबारी माळाला पडीक समजण्याची रीत जुनी आहे. दाट वृक्षलागवड, चर खोदणे, कारखानदारी आणि उसाखाली जाणारी जमीन यांनी माळ तुटक होत गेला. दाट लागवड येथे हिताची नाही : लांबवर नजर पोहोचणे आणि वेगाने पळता येणे यांवरच चिंकाऱ्याचा लांडग्यापासून बचाव अवलंबून आहे. मोकाट कुत्र्यांचा त्रास वेगळाच. ती दमवून पाठलाग करतात, आणि भर उन्हातली अशी एक धाव दिवसभर राखलेले पाणी संपवते. शिर्सुफळ व कडबनवाडी येथे वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे; पर्यटकांच्या गाड्या दुपारी सावलीच्या झाडांपासून दूर ठेवणे चिंकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे.