शिक्षकांचे शिक्षक : बाळशास्त्री जांभेकर

पोथीच्या समाप्तिलेखांत लेखक आपलें नांव, शक आणि मिती लिहितो. परंतु त्याचें अक्षर ज्यानें वळविलें, त्या पंतोजीचें नांव तेथें क्वचितच सांपडतें. शिक्षकांस घडविणारा शिक्षक इतिहासांत असाच दृष्टीआड राहतो. बाळशास्त्री जांभेकरांचें चरित्र या गोष्टीस उत्तम प्रमाण आहे, असें आम्हांस वाटतें.

१८३२ सालीं ‘दर्पण’ काढणारे व १८४५ सालीं ज्ञानेश्वरी प्रथम शिळाछापावर आणणारे बाळशास्त्री आमच्या वाचकांस परिचित आहेत. त्याच १८४५ सालीं मुंबईस नवे शिक्षक तयार करण्याचा वर्ग त्यांच्याकडे सोंपविण्यांत आला, याची आठवण मात्र फारशी होत नाहीं. पोंभुर्ल्याहून मुंबईस आलेल्या बाळशास्त्र्यांस सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आधार लाभला होता. तोच त्यांनीं पुढल्यांस दिला. त्यांचे विद्यार्थी दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन संस्थेंतच गणिताचे अध्यापक झाले. दुसरे विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे यांनीं पुण्यास टिळकांस गणित शिकविलें, आणि टिळक १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कुलांत स्वतः शिकवूं लागले.

मे १८४६ मध्यें, पस्तिशीच्या आंतच, बाळशास्त्री वारले. तो वर्ग त्यांच्या हातीं दीड वर्षहि राहिला नाहीं. परंपरा मात्र टिकली. अशा परंपरांचा पुरावा जुन्या शाळांच्या दप्तरांत, कित्त्यांत व हजेरीपटांत असतो, आणि तोच आधीं रद्दींत जातो. संग्राहकांनीं हे कागद पोथ्यांइतक्याच आस्थेनें जपावे, अशी आमची विनंति आहे.