अँटेना वळेना तेव्हा

पुण्यातल्या छपरांवरचे अँटेने एकेकाळी सिंहगडाकडे तोंड करून उभे असत. मुंबईचं दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी गडावर सहक्षेपण केंद्र आलं. पाठ्यपुस्तकातला गड घरात चित्रं धाडू लागला.

या काठ्यांचं माहेर मात्र जपान. १९२६च्या सुमारास सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ही रचना सिद्ध केली. कष्ट बरेचसे उदांचे, नाव जगभर झालं यागींचं. साहित्यातही असं होतंच. मागे एक लांब दांडी, मध्ये वायर जोडलेली, पुढे काही आखूड. या मांडणीमुळे अँटेना एकाच दिशेचं नीट ऐकतो. जपानी लष्कराला त्याची किंमत उशिरा कळली. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर हाती आलेल्या ब्रिटिश टिपणांत 'यागी' हा शब्द सारखा येई. त्याचा अर्थ एका युद्धकैद्याला विचारावा लागला, अशी हकीकत सांगतात. तो शब्द म्हणजे त्यांच्याच प्राध्यापकाचं नाव!

एकाच दिशेचं ऐकणं ही त्याची खुबी आणि तीच डोकेदुखी. वळवाच्या वाऱ्यानं तोंड फिरलं की पडद्यावर मुंग्या. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. 'आलं का?' 'गेलं!' 'थांब, थांब!' १९८७च्या मे महिन्यात आमच्या वाड्यातला अँटेना मात्र वळेचना. रविवारी साडेनऊला 'रामायण', आमच्या खोलीत शेजारपाजारची वीस माणसं, आणि चित्राचा पत्ता नाही. अब्बांनी पाइपला मिठी मारून जोर लावला, तो हलेना.

गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणारे चाचा कधी आधी जोर लावत नसत. विजेची तार किती लांब आहे, चपटी वायर पाइपला गुंडाळली गेली आहे का, ताणाची तार कुठे अडकली आहे का, हे ते पाहत. यांत काही नसेल तर दोष क्लॅम्पचा. दोन पावसाळ्यांत नट आणि पाइप गंजून एकजीव होतात. नटांवर रॉकेल सोडून रात्रभर मुरू द्यायचं, मग हलके ठोके देत नट सैल करायचे. त्या दिवशी रात्र कुठली मिळायला! शेजारच्या काकूंनी स्टोमधलं रॉकेल दिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या भाभी, पुढच्या रविवारी बघू." पण अम्मीला चैन पडेना. पाहुणे उपाशी परत चालले आहेत, असा तिचा चेहरा झाला होता. चाचांनी पाइप बोटभर वळवला आणि चित्र आलं, तेव्हा भाग संपायला पाचेक मिनिटं उरली होती. कुणी जागचं उठलं नव्हतं.

दिशेचा हा खेळ सरहद्दीवर आणखी रंगला. लाहोरला टीव्ही आला १९६४ साली, अमृतसरला १९७३ साली. अमृतसरची माणसं तिकडची नाटकं पाहायला अँटेना लाहोरकडे करत, लाहोरची माणसं इकडचे सिनेमे पाहायला अमृतसरकडे. ते अँटेने गंजायला सवडच मिळत नसावी.

दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२पर्यंत बंद झाली. पुण्यात आता डिशची तोंडं आग्नेयेला असतात. उरलेल्या पाइपांना लोक कपड्यांच्या दोऱ्या बांधतात.