गाणं लक्षात, वादक विस्मरणात

घोटीत लग्नाची वरात निघाली की बॅंडवाल्यांचा ट्रम्पेट लांबूनच ऐकू येतो. गाणं कुठल्या सिनेमातलं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण मूळ ध्वनिमुद्रणात तो ट्रम्पेट कुणी वाजवला, असं विचारलं की आपण सगळेच गप्प. आज बोलायचंय ते या गप्प बसण्याबद्दल.

आधी जरा अमेरिकेत जाऊ. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 2001 च्या सुमारास डॅपटोन ही छोटी रेकॉर्ड कंपनी निघाली. संगणक हाताशी असताना ही मंडळी मुद्दाम टेपवर, वादकांना एकत्र बसवून, 1960-70 च्या धाटणीचं सोल आणि फंक मुद्रित करू लागली. त्यांच्या डॅप-किंग्ज बॅंडची गायिका शेरॉन जोन्स. एकेकाळी तुरुंगात पहारेकरी म्हणून नोकरी केलेली ही बाई चाळिशी उलटल्यावर जगापुढे आली. म्हणजे बघा, जुना आवाज परत आला आणि त्याच्याबरोबर मागे राहून गेलेलं माणूसही पुढे आलं.

आता आपल्याकडे येऊ. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ बॅंड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. हे संगीत गोव्याच्या वादकांनी चटकन उचललं, कारण चर्चच्या शाळांत ते लहानपणीच स्वरलेखन शिकलेले असत. त्यांतले एक हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्रॉंग यांच्या वळणाचा ट्रम्पेट वाजवायचे. पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम रोडावलं आणि असे वादक चित्रपटांकडे अधिकच वळले. सी. रामचंद्र आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. भगवानदादांच्या 1951 च्या 'अलबेला'ला त्यांचं संगीत आहे आणि त्यात चिक चॉकलेट यांचा बॅंड पडद्यावरही दिसतो.

काम कसं चालायचं? संगीतकार चाल द्यायचा. मग प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं, ते संगीत संयोजक कागदावर लिहून काढायचा. तबकडीवर नावं छापली जायची ती गायकाची आणि संगीतकाराची. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तलं अँथनी गोन्साल्विस हे नाव साऱ्या देशाने गुणगुणलं. ते प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

पुढे सिंथेसायझर आला आणि अनेक वादकांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

तरी हा आवाज संपला नाही. ख्रिस पेरी यांच्या बॅंडबरोबर गाजलेल्या लोर्ना दीर्घ काळ मंचापासून दूर होत्या. 1995 मध्ये त्या गोव्यात पुन्हा गायला उभ्या राहिल्या. बार्द्रॉय बार्रेतो यांच्या 'नाचोंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटासाठी त्या काळची गाणी नव्याने मुद्रित झाली. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गाण्यांबरोबर वादकांची आठवणही परत आली, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

चाल पुन्हा वाजवणं तसं सोपं असतं, बरं का. नाव एकदा पुसलं गेलं की ते शोधणं कठीण. म्हणून एवढंच सांगतो: आपल्या इगतपुरी तालुक्यातल्या बॅंडपथकांत जुने वादक असतील, तर त्यांच्याकडे जा. वाद्य कुणाकडून शिकलात, कुणाच्या शेजारी उभं राहून वाजवलंत, ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. हे काम वरातीच्या गडबडीत होणार नाही. पाऊसकाळात बॅंडला सुट्टी असते, तेव्हा निवांत बसा.