वेगाचा पिंजरा

खाडीपलीकडील ज्या भूभागास आज नवी मुंबई म्हणतात, त्याचा वाहनविद्येशी असलेला संबंध त्या नगराहून पुष्कळच जुना आहे. १८३० साली, सर जॉन माल्कम हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तोवर बैलांच्या पाठीवरून घाट चढणारा माल गाडीत बसून देशावर जाऊ लागला, आणि या रस्त्याच्या पायथ्याशी असलेल्या पनवेल बंदरात बैलगाडीची चाके घडविण्याचा धंदा असा नांदू लागला की, इंग्रजी अमलातील गॅझेटियरकारांना त्या गावाची नोंद घेताना चाकांच्या कारखानदारीचा उल्लेख करणे अगत्याचे वाटले.

गाडीच्या चाकाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, त्याचे बळ त्याच्या कोणत्याही एका अवयवात नसते. तुंबा कितीही घट्ट लाकडाचा असो, आरे कितीही सरळ असोत, लोखंडाची धाव तापवून चढविली आणि पाणी घालून आवळली म्हणजेच ते सुटे अवयव एकजीव होतात, व खडकाळ उतारावरचा भार एका आऱ्यावर न पडता सर्वांत वाटला जातो. भार वाटून घेणाऱ्या सांध्यांची ही विद्या याच प्रांतात आज एका निराळ्या वस्तूत पाहावयास मिळते. शर्यतीच्या मोटारीत चालकाच्या भोवती पोलादी नळ्यांचा जो सांगाडा बसवितात, ज्याला गॅरेजांतून आणि शौकिनांच्या मंडळींतून ‘रोल केज’ या नावानेच ओळखतात, त्याचा इतिहास आणि त्याची घडण हा या लेखाचा विषय आहे.

मोटारीची शर्यत मोटारीइतकीच जुनी. परंतु चालकाच्या रक्षणाचा विचार मात्र फार उशिरा जन्मास आला. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत इतक्या मृत्यूंना कारण झाली की, फ्रेंच सरकारला ती बोर्दो येथेच थांबवावी लागली. आणि १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे केवळ मोटारींसाठी बंदिस्त मार्ग बांधला गेला. तरीसुद्धा पुढील कित्येक दशके जाणते चालकही असेच मानीत की, गाडी उलटली असता बाहेर फेकले जाण्यातच जीव वाचण्याचा संभव अधिक, आणि म्हणून कमरेला पट्टा बांधणे म्हणजे आपणच आपल्याला संकटात जखडून घेणे होय. या समजुतीचे खंडन युक्तिवादाने झाले नाही, ते अपघातांच्या साक्षीने झाले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील शर्यतींत टपाखाली पोलादी कमानी आल्या, साठीच्या दशकात युरोपातील एकआसनी गाड्यांत चालकाच्या डोक्यामागे कमान आली, आणि १९७२ साली फॉर्म्युला वनमध्ये पट्टा अनिवार्य झाला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पट्ट्यावाचून पिंजरा व्यर्थ आणि पिंजऱ्यावाचून पट्टा अपुरा, हे सत्य जगाला एकदम उमगले नाही; ते तुकड्यातुकड्याने, आणि प्रत्येक तुकड्याची किंमत मोजून, हाती आले.

आपल्या देशात मोटारशर्यतीच्या छंदाचा प्रवेश फार लवकर झाला. १९०४ सालच्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी-यात्रा निघाली, आणि १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र भारतीय शर्यतींना जी भूमी लाभली ती विमानांची होती. मुंबईस जुहूचा विमानतळ, कलकत्त्याजवळ बराकपूर, आणि मद्रासच्या उत्तरेस युद्धकाळातील शोलावरमची धावपट्टी, अशा ठिकाणी गवताच्या गंज्या व पिंपे मांडून वळणे आखली जात आणि संस्थानिकांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सारे तेथे उतरत. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली शर्यतीची गाडी ठरली. आणि १९८० साली मुंबईचे नाझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली तेव्हा परदेशी स्पर्धकांबरोबर मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची नियमपुस्तके भारतीय कारागिराच्या अगदी समीप आली. तोवर हाताशी येईल तो नळ वाकवून टपाखाली टेकविणारा कारागीर आता नळाची जात विचारू लागला. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातील खरे स्थित्यंतर ते हेच.

याच सुमारास खाडीच्या पूर्वतीरावर एक नगर आकार घेत होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडलेली कल्पना १९७० साली सिडकोच्या स्थापनेने शासनाच्या दफ्तरी दाखल झाली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतील कारखाने होतेच. मुंबईच्या बंदरालगत दाटीने वसलेला लोखंडाचा व्यापार खाडीपलीकडे न्यावा, या हेतूने कळंबोलीस पोलादबाजार वसविण्यात आला, आणि त्याच कळंबोलीच्या वेशीपासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ होतो. ज्या पंचक्रोशीत एकेकाळी पनवेलची चाके घाटाच्या रस्त्याला लागत, तेथेच आज पोलादाच्या नळ्या रचून ठेवलेल्या असतात, आणि रबाळे, महापे, पावणे, तळोजे येथील शेडांतून त्या कापणारे, वाकविणारे व जोडणारे हात उपलब्ध आहेत.

परंतु बाजार समीप असणे आणि योग्य माल ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पिंजऱ्याची नळी थंड ओढकामाने तयार केलेली, सीमलेस, कार्बन पोलादाची असावी लागते. तिची ताणसहता दर चौरस मिलिमीटरास निदान ३५० न्यूटन, चालकामागील मुख्य कमानीची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची, आणि बहुतेक इतर अंगे ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ मिलिमीटरची, अशी किमान मर्यादा घातलेली आहे. येथे एक खाचखळगा आहे. पाण्याच्या नळांच्या दुकानात दीड इंची पाइप मागितला तर जो हाती पडतो त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो, कारण त्या व्यवहारात माप आतल्या पोकळीवरून ठरलेले आहे. तो पाइप पट्टी वळवून, तिच्या कडा विजेने सांधून केलेला असतो, आणि पुष्कळदा त्यावर जस्ताचा मुलामाही असतो. पाणी वाहून नेण्याच्या कामी तो निर्दोष आहे; परंतु उलटणाऱ्या मोटारीचा आघात सोसणे हे त्याचे काम नव्हे, आणि जस्तावर वेल्डिंग केले तर सांधा बिघडतो व कारागिराच्या छातीत विषारी धूर जातो. सीमलेस नळीसाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण उरलेले नाही, कारण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व बारामती येथे आणि याच रायगड जिल्ह्यात अशा नळ्या तयार होतात. गिऱ्हाइकाने दराआधी कारखान्याचा दाखला मागावा, एवढीच अपेक्षा आहे.

नळी निवडल्यानंतर कारागिराची खरी परीक्षा सुरू होते. बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी, आणि वाकविताना नळी चपटी झालीच तर तिचा लहान व्यास मोठ्याच्या नऊ-दशांशाहून खाली जाऊ नये, असा दंडक आहे. सांधा परिघभर, अखंड भरला गेला पाहिजे. आता अडचण अशी की टपाला लागून असलेल्या नळीच्या वरच्या बाजूस वेल्डरचा हात पोहोचत नाही; म्हणून अनुभवी कारागीर गाडीच्या तळाला छिद्रे पाडून सारा सांगाडा तात्पुरता खाली उतरवितात, वरचे सांधे डोळ्यांसमोर ठेवून पूर्ण करतात, आणि मग तो उचलून त्याच्या पायांखाली पेट्या बसवितात. ही मेहनत टपाच्या अस्तराआड कायमची झाकली जाते, आणि ती झाली नसेल तर तेही तितकेच झाकले जाते. म्हणूनच या कामात कारागिराच्या सचोटीचे मोल त्याच्या कौशल्याइतकेच मानावे लागते. पायाखाली निदान १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची व ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी गाडीच्या कवचास जोडलेली असावी लागते, अन्यथा भक्कम कमान पातळ पत्र्यातून आरपार खाली उतरेल. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत हा पत्राच प्रथम गंजतो. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने नळीचा विचार करण्यापूर्वी गालिचा उचलून तळ पाहावा.

हा सारा कडक बंदोबस्त कशासाठी, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. महासंघाच्या प्रमाणीकरणाच्या कसोटीत गाडीच्या वजनात १५० किलो मिळवून त्याच्या साडेसातपट भार मुख्य कमानीवर वरून देतात. गाडी ८५० किलोची असेल तर हा भार साडेसात टन होतो. आणि तो सोसूनही कमान ५० मिलिमीटरहून अधिक दबता कामा नये.

आता निवडीचा प्रश्न. ज्याची गाडी केवळ बंदिस्त मार्गावर धावावयाची, त्याने पुढच्या खांबांपर्यंत पोहोचणारा, दारांशी आडव्या नळ्या असलेला, कवचास वेल्ड केलेला पूर्ण पिंजराच बसवावा. परंतु पुष्कळ शौकिनांची गाडी आठवडाभर रस्त्यावर आणि एखाद्या दिवशी ट्रॅकवर, अशी दुहेरी चाकरी करते. त्यांनी हे पक्के समजून घ्यावे की शिरस्त्राण नसलेल्या मस्तकापाशी असलेली पोलादी नळी हीच स्वतः संकट होते. साध्या टकरीत जे डोके टपाच्या अस्तराला लागून वाचले असते, ते नळीवर आदळून फुटू शकते. अशा गाडीस आसनांमागे संपणारा अर्धा पिंजरा, त्याला योग्य उंचीवर बांधलेले खांद्याचे पट्टे, न मोडणारे आसन आणि नळ्यांवर प्रमाणित घट्ट गादी एवढेच इष्ट. आणि मागच्या आसनांवर मग कोणासही बसवू नये.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि १८९ वे कलम शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वेगाची स्पर्धा करणाऱ्यास शिक्षेस पात्र ठरविते. वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या पाम बीच मार्गावर रात्री ज्या शर्यती लावल्या जातात, त्यांचा मी मनापासून निषेध करतो. पिंजरा त्याच्या आत बसलेल्याचे रक्षण करतो. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

तथापि केवळ निषेध करून कर्तव्य संपत नाही. नवी मुंबईच्या तरुणास वेगाची भूक कायदेशीरपणे भागवावयाची तर त्याला अनेकदा गाडी ट्रेलरवर चढवून सुमारे १३०० किलोमीटरवरच्या, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईच्या मार्गासारख्या दूरच्या ठिकाणी न्यावी लागते. पूर्वीच्या पिढीला रिकाम्या धावपट्ट्या मिळाल्या. पनवेलजवळचा नवा विमानतळ काही शर्यतींसाठी रिकामा राहणार नाही. ज्या नगराने बाजार, बंदर, कारखाने आणि वसाहती यांपैकी प्रत्येकास आधी आराखड्यात जागा दिली आणि मग जमिनीवर, त्या नगराने वेगासाठीही एक बंदिस्त, देखरेखीखालचा मार्ग आखावा, ही मागणी मला न्याय्य वाटते. नळी, सांधा, आसन, पट्टा आणि शिरस्त्राण यांची साखळी शेवटी जमिनीशी येऊन मिळते. आणि ती जमीन सुरक्षित नसेल तर कारागिराने परिघभर भरलेला उत्तमातला उत्तम सांधाही आपले अर्धेच काम करू शकतो.