इंडियन युनियन मुस्लिम लीग : अल्पसंख्याकांच्या पक्षीय राजकारणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
धर्माच्या आधारावर झालेल्या फाळणीनंतर 'मुस्लिम लीग' हे नाव धारण करणारा पक्ष भारतात टिकू शकेल, असे १९४७ साली फारच थोड्यांना वाटले असेल. प्रत्यक्षात उत्तर भारतातून लीग जवळजवळ नाहीशी झाली. केरळमध्ये मात्र ती सत्तेची भागीदार बनली. एकाच नावाच्या वाट्याला आलेल्या या दोन भिन्न प्राक्तनांची कारणे शोधणे व त्याआधारे अल्पसंख्याकांच्या स्वतंत्र पक्षाच्या मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थापना व घटना समितीतील भूमिका :
डिसेंबर १९४७ मध्ये कराची येथील बैठकीत अखिल भारतीय मुस्लिम लीगचे विभाजन करण्यात आले व भारतातील संघटनेची जबाबदारी मद्रासचे महंमद इस्माईल यांच्याकडे सोपविण्यात आली. त्याच महिन्यात मौलाना आझाद लखनौच्या परिषदेत मुस्लिमांना जातीय संघटना विसर्जित करण्याचे आवाहन करीत होते. तरीही १० मार्च १९४८ रोजी मद्रास येथे इंडियन युनियन मुस्लिम लीगची स्थापना झाली. मे १९४९ मध्ये घटना समितीत इस्माईल यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी लावून धरली. सरदार पटेलांनी तिचा कठोर शब्दांत प्रतिवाद केला. बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीही राखीव जागांना विरोध दर्शविला. मागणी फेटाळली गेली. त्यामुळे सर्वांच्या मतांवर निवडून येणे किंवा नामशेष होणे, एवढेच पर्याय लीगपुढे उरले.

मलबारचा सामाजिक पाया :
हा पेच मलबारमध्ये सुटला. दक्षिण मलबारमध्ये मापिला समाजाची दाट वस्ती होती. मल्याळम ही त्यांची व त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांची समान भाषा होती. १९२१च्या उठावानंतर खचलेल्या या समाजाला संघटनेची व शिक्षणाची गरज तीव्रतेने जाणवत होती. १९३४ पासूनचे 'चंद्रिका' हे वृत्तपत्र, उलेमांच्या संघटना व सय्यद घराण्यातील 'तंगळ' नेतृत्व यांनी पक्षाला गावपातळीपर्यंत नेले. १९५२ साली बी. पोकर हे मलप्पुरममधून लोकसभेवर निवडून आले.

आघाडीच्या राजकारणातून मान्यता :
१९६० साली काँग्रेस व प्रजा समाजवादी पक्षासह लढलेल्या निवडणुकीत लीगने ११ जागा जिंकल्या. परंतु तिला मंत्रिपद नाकारून केवळ सभापतिपद देण्यात आले. सभापती सीती साहेब यांच्या निधनानंतर १९६१ मध्ये सी. एच. महंमद कोया यांना त्या पदासाठी काँग्रेसच्या आग्रहामुळे पक्षसदस्यत्व सोडावे लागले. मते हवीत पण सहवास नको, अशी ही वृत्ती होती. ती कोंडी १९६७ साली डाव्या पक्षांनी फोडली. ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात लीगचे दोन मंत्री होते. कोया शिक्षणमंत्री असताना १९६८ मध्ये कालिकत विद्यापीठ सुरू झाले आणि १६ जून १९६९ रोजी मलप्पुरम जिल्हा अस्तित्वात आला. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी कोया मुख्यमंत्री झाले. मात्र हे पद १ डिसेंबरपर्यंतच टिकले.

मुंबईचा अनुभव :
महाराष्ट्रात असा पाया निर्माण झाला नाही. जी. एम. बनातवाला यांनी विधानसभेत मुंबईतील उमरखाडीचे प्रतिनिधित्व केले. १९७०च्या दशकात मुंबई महानगरपालिकेच्या राजकारणात शिवसेना व लीग यांच्यात तात्पुरते सहकार्यही झाले. तथापि १९७७ साली लोकसभेत जाण्यासाठी बनातवालांना केरळमधील पोन्नानी मतदारसंघ गाठावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

अंतर्विरोध :
सत्तेतील सहभागाची किंमतही लीगला मोजावी लागली. १९७०च्या दशकाच्या मध्यास पक्ष फुटला व १९८५ मध्ये पुन्हा एकत्र आला. ६ डिसेंबर १९९२ नंतर केरळमधील काँग्रेसप्रणीत आघाडीत राहण्याचा निर्णय अनेकांना मान्य नव्हता. दीर्घकाळ पक्षाध्यक्ष राहिलेले इब्राहिम सुलेमान सेठ यांनी १९९४ मध्ये वेगळा पक्ष काढला. दुसरीकडे याच संयमामुळे त्या काळात मलबारमध्ये शांतता टिकण्यास मदत झाली, हेही नोंदविले पाहिजे. पक्षांतर्गत प्रतिनिधित्वाचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९९६ नंतर थेट २०२१ मध्ये पक्षाने विधानसभेसाठी महिला उमेदवार दिली. दोन्ही वेळा पराभव झाला. समाजाच्या वतीने बोलणाऱ्या पक्षात त्या समाजातील निम्मा वर्ग असा दीर्घकाळ उमेदवारीपासून दूर राहिला.

निष्कर्ष :
लीग टिकली ती केवळ धर्माच्या नावावर नव्हे, हे वरील विवेचनावरून दिसून येते. धर्म उत्तरेतही तोच होता आणि मुंबईतही तोच. दाट वस्ती, समान प्रादेशिक भाषा, स्थानिक संस्था आणि इतर समाजांशी आघाडी करण्याची अपरिहार्यता या चार गोष्टी मलबारमध्ये एकत्र आल्या. स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या पक्षाला संयुक्त मतदारसंघानेच तडजोडीचे शिक्षण दिले, हा या इतिहासातील विरोधाभास होय. जेथे लोकसंख्या विखुरलेली आहे, तेथे या प्रयोगाचे अनुकरण यशस्वी होईलच असे नाही. आणि जेथे तो यशस्वी झाला, तेथेही 'समाजाच्या वतीने कोण बोलते?' हा प्रश्न संपत नाही.