‘रोजा’तले ओलीस आणि इतिहासातले ओलीस

मणिरत्नम यांचा ‘रोजा’ हा चित्रपट १९९२ मध्ये तमिळमध्ये आणि पुढच्या वर्षी हिंदीत आला. त्या वेळी बाबरी मशीद पडली होती आणि मुंबईच्या दंगलीची राख अजून गरम होती. अशा काळात या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणूनच एकात्मतेच्या या चित्रात मुसलमानाला कोणती जागा मिळाली, हे तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

कथा सर्वांना ठाऊक आहे. सांकेतिक लिपीचा तज्ज्ञ असलेल्या ऋषीकुमारला काश्मीरमध्ये अतिरेकी पळवून नेतात. त्याच्या बदल्यात वसीम खानची सुटका मागतात. खेड्यातून आलेली त्याची पत्नी रोजा साऱ्या यंत्रणेशी झुंज देते. १९९१ मध्ये इंडियन ऑइलचे अधिकारी के. दोरायस्वामी यांचे काश्मीरमध्ये अपहरण झाले होते. त्या घटनेची सावली या कथेवर आहे.

चित्रपटाला सरसकट मुस्लिमद्वेषी ठरवणे आम्हाला मान्य नाही. पंकज कपूर यांनी रंगवलेला लियाकत नुसता राक्षस नाही. सीमेपलीकडे धाडलेला त्याचा धाकटा भाऊ पाकिस्तानी सैन्याच्या गोळ्यांना बळी पडतो, तेव्हा तो आतून हलतो आणि शेवटी ऋषीला जाऊ देतो. शिवाय याच चित्रपटाने ए. आर. रहमान हा संगीतकार देशाला दिला.

पण पडद्यामागचा मुसलमान संगीत देतो, तर पडद्यावरचा बंदूक धरतो. तिरंगा जळत असतो, ऋषी स्वतःला त्या ज्वाळांवर झोकून देतो आणि त्याच वेळी लियाकत नमाज पढत असतो. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की प्रेक्षकाच्या मनात नमाज आणि देशद्रोह यांची गाठ आपोआप बसते. लियाकतची बहीण ऋषीला मदत करते, पण ती जवळजवळ मूकच राहते. तेजस्विनी निरंजना आणि रुस्तम भरुचा या अभ्यासकांनी १९९४ मध्येच या चित्रपटातील राष्ट्रवादाची चिकित्सा केली होती. आमच्या समाजात मात्र ती चर्चा फारशी पोचली नाही.

आता इतिहास पाहू. डिसेंबर १९८९ मध्ये काश्मीरमधील सर्वांत गाजलेले अपहरण झाले ते रुबैया सईद यांचे. त्या तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांच्या कन्या. त्यांच्यासाठी पाच अतिरेकी सोडावे लागले. एप्रिल १९९० मध्ये काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू मुशीर-उल-हक यांना सचिवासह पळवून नेऊन ठार मारण्यात आले. इस्लाम आणि धर्मनिरपेक्षता यांचा विचार करणारा हा विद्वान होता. त्याच सुमारास एच.एम.टी.चे सरव्यवस्थापक एच. एल. खेरा यांचीही अशीच हत्या झाली. त्याच वर्षी पंडितांना घरदार सोडावे लागले, तेही दुःख तितकेच खरे आहे.

म्हणजे ओलिसांमध्ये हिंदू होते तसे मुसलमानही होते. बंदुकीने कुलगुरूचा धर्म पाहून त्याला सोडले नाही. ‘रोजा’मध्ये मात्र ओलीस हिंदू आणि पळवणारे मुसलमान अशी सरळ वाटणी आहे. एका चित्रपटाने सारा इतिहास सांगावा, अशी आमची अपेक्षा नाही. पण ज्या कथेला राष्ट्राची कथा म्हणून गौरवले जाते, तिने निम्मे बळी गाळून चालत नाही.

उर्दू शाळेत शिकवताना आम्हाला हे रोज जाणवते. आमच्या वर्गातल्या मुलांना लियाकत कोण ते सांगावे लागत नाही. मुशीर-उल-हक कोण, हे मात्र एकालाही ठाऊक नसते. दुसऱ्याने आपले चित्र चुकीचे काढले अशी तक्रार आपण जरूर करावी. पण आपल्यातल्या या शहीद विद्वानावर आपण किती कथा, किती लेख लिहिले? ते लिहिण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. लेखणी आपल्याच हातात आहे.